तबकातले डोळे

नोव्हेंबरच्या अखेरीस, सणाआधीची झाडलोट सुरू असताना, चॅपेलमधल्या संत लुसीच्या मूर्तीचा डावा हात मनगटाशी सुटला आणि हातातल्या तबकासकट फरशीवर आला. मूर्ती लाकडाची असल्याने मोडतोड फारशी झाली नाही. तबक हातापासून वेगळे झाले आणि तबकातल्या दोन डोळ्यांपैकी एकावरचा रंगाचा पापुद्रा उडाला, एवढेच. झाडू धरून उभ्या असलेल्या धोंडुबाईंनी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकले, "म्या हात लावला न्हाय हां. मी तिकडं पायरी झाडत हुतो."

"तुला कोण काय म्हणालंय व्हय?" कार्मेलिनबाई गुडघ्यांवर बसून तबक उचलत म्हणाल्या.

"म्हणायच्या आधी सांगितलेलं बरं. माझा मोतीबिंदू हिनं बरा केलाय. हिला मी कशाला पाडू?"

"मोतीबिंदू डॉक्टरनं काढला, धोंडुबाई," शिडी घेऊन आलेले इनास मिस्त्री म्हणाले.

"काढला डॉक्टरनं. पर दिसायला लागलं ते हिच्यामुळंच की."

मिस्त्रींनी शिडी भिंतीला टेकवली. कार्मेलिनबाईंनी तबक पदरात गुंडाळले आणि मिस्त्रींच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, हाती दिले. "तेरा तारखेच्या आत बसवून द्या. सणाला तिचा हात रिकामा दिसता कामा न्हाय."

हे चॅपेल कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला आहे. आजरा आणि गडहिंग्लज भागातून फौंड्रीत आणि वर्कशॉपमध्ये कामाला आलेल्या कॅथलिक कुटुंबांनी ते आपल्या हातांनी उभे केले. पत्र्याच्या छताखाली एका भिंतीशी संतांच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या आहेत. कॅथलिक माणूस प्रार्थना करतो ती देवाकडेच. परंतु देवाजवळ आपली बाजू मांडायला संत असतात आणि प्रत्येक संताचे काम त्याच्या आयुष्यावरून ठरलेले असते. माशाचा काटा घशात अडकलेल्या मुलाला वाचवणारे संत ब्लेझ घशाचे. छळ करताना जिचे दात पाडले ती संत अपोलोनिया दातांची. हरवलेल्या वस्तूंसाठी संत अंतोनी, प्रवासासाठी ख्रिस्तोफर. सिसिली बेटावर डोळे काढून धर्मापायी जिचा जीव घेतला, ती तरुण लुसी डोळ्यांची. म्हणून तिच्या हातातल्या तबकात तिचेच डोळे दाखवतात आणि तिचा सण तेरा डिसेंबरला असतो.

ही वाटणी कार्मेलिनबाईंइतकी काटेकोरपणे पाळणारे माणूस त्या चॅपेलमध्ये दुसरे नव्हते. शेजारच्या एका बाईने मुलाच्या परीक्षेसाठी अंतोनीला नवस बोलला आणि मुलगा नापास झाला, तेव्हा कार्मेलिनबाईंना मुळीच आश्चर्य वाटले नाही. "परीक्षेला कुपर्तिनोचा जोसेफ. अंतोनीचं ते खातंच न्हाय. त्यानं काय करायचं?" त्यांच्या या बोलण्यात थट्टा नसे. ज्याचे काम त्याच्याकडे सांगितले नाही तर ते होत नाही, हा त्यांच्या दृष्टीने साधा व्यवहार होता.

त्यांचे स्वतःचे काम लुसीकडे होते, आणि ते म्हणजे मोनाचे डोळे.

मोना त्यांची एकुलती एक मुलगी. डोळ्यांच्या पडद्याचा तिचा आजार जन्मासोबत आलेला होता आणि फार सावकाश वाढला. आधी अंधारात दिसेनासे झाले. मग दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होत गेले. शिरोलीच्या एका कारखान्यात ती संगणकावर यंत्रभागांची ड्रॉइंग्ज काढत असे. पडद्यावरच्या रेषा सुटू लागल्या तेव्हा तिने नोकरी सोडली. आता तिला समोरचे तेवढे दिसे, अरुंद पाइपातून पाहिल्यासारखे. कोल्हापूर, मिरज आणि पुणे येथल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली होती: यावर औषध नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यापुढे आणखी एक वाक्य उच्चारले. "वर्ष, फार तर दीड वर्ष नजर राहील. ती आहे तोवर काठीनं चालायला शिकून घ्या. पूर्ण गेल्यावर शिकणं फार जड जातं."

मोनाने पांढरी काठी विकत आणली. कार्मेलिनबाई तिला एक शब्दही बोलल्या नाहीत. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर त्या ती काठी घेऊन सगळ्यांदेखत लुसीपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पोरगी घाबरलीया, म्हणून हे आणलं. तुझ्यावरचा विश्वास गेला म्हणून न्हवं. माफ कर तिला." काठी त्यांनी मूर्तीच्या पायाशी ठेवली आणि तिथेच राहू दिली. मोना मागच्या बाकावर खाली मान घालून बसली होती. नंतर तिने वडिलांना सांगितले, की हे दुसऱ्यांदा बघण्याची आपल्यात ताकद नाही.

असे असूनही तिने पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात जानेवारीच्या तुकडीसाठी जागा राखून ठेवली होती. तिथे राहून काठीने चालणे, ब्रेल वाचणे आणि बोलणाऱ्या संगणकावर काम करणे शिकवत. आईची परवानगी तेवढी मिळायची होती, आणि ती मिळत नव्हती. "लुसीकडं काम दिलंया. काम चालू असताना पोरगी आंधळ्याची विद्या शिकाय गेली, तर तिनं काय समजायचं?" एकदा चॅपेलच्या फादरांनी अशक्य कामांचे संत ज्यूड यांचे नाव सुचवले, तर बाई त्यांच्यावरही उखडल्या. ज्यूडकडे जाणे म्हणजे काम हातातून गेल्याची कबुली देणे, असे त्यांचे म्हणणे होते.

इनास मिस्त्री उभे आयुष्य फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. धातूची वस्तू ओतण्याआधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो करणारा तो पॅटर्नमेकर. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी आपली हत्यारे मांडली होती आणि चॅपेलच्या मूर्तींची डागडुजी ते तिथेच करत. कोणतेही काम हाती घेण्याआधी वस्तू सगळ्या बाजूंनी तपासायची, हा त्यांचा नेम होता.

त्यांनी मूर्ती बाकावर आडवी ठेवली. मनगटात लाकडी खुंटी बसवली की हात पक्का होणार होता. तबकातल्या दुखावलेल्या डोळ्याचा सैल झालेला रंग मात्र काढून टाकणे भाग होते. वरचा पांढरा तैलरंग आणि निळे-काळे बुबुळ सहज निघाले. त्याखाली लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा पुट्टीचा थर, लागली. लांबीखाली मूळचा रंग होता, आणि तो पांढरा नव्हता, त्वचेचा होता. गोलाच्या माथ्यावर, लांबीने बुजवलेल्या जागी, एक लहानसा उंचवटा हाताला लागला. मिस्त्रींना प्रथम ती लाकडाची गाठ वाटली. त्यांनी दुसरा गोलही खरवडला. तिथेही त्याच जागी तसाच उंचवटा होता. दोन तुकड्यांत एकाच जागी गाठ येत नाही. हे कोरलेले होते.

मग त्यांनी उजवा हात पाहिला. त्या हातात ताडाचे पान होते, हुतात्म्यांची खूण. ते पान पत्र्याचे होते आणि दोन बारीक खिळ्यांनी मागाहून ठोकलेले होते. पान काढल्यावर मुठीत आरपार भोक दिसले आणि भोकात लोखंडाचे दोन गंजलेले दांडे, एकमेकांना चिकटलेले, मोडून राहिलेले. सांडशीच्या दोन मुठी असाव्यात तसे.

घरात संतांच्या चरित्रांचे एक जुने सचित्र पुस्तक होते. मिस्त्रींनी ते आणले आणि हवे ते पान शोधून मूर्तीशेजारी उघडे ठेवले. चित्र संत अगाथाचे होते. तीही सिसिलीचीच, लुसीच्या अर्धशतक आधीची. सुभेदाराची मागणी तिने धुडकावली म्हणून त्याने सांडशीने तिचे स्तन तोडवले. चित्रकार तिला ओळखू यावी म्हणून तिच्या एका हातात सांडशी देतात आणि दुसऱ्या हातातल्या तबकात तिचे स्तन. तिच्याकडे मागायचे ते छातीच्या आजारांसाठी आणि आगीपासून रक्षणासाठी. घंटा ओतणारे कारागीरही तिलाच आपली मानतात. डोळ्यांचा उल्लेख त्या पानावर कुठेच नव्हता.

मिस्त्रींनी पुस्तक मिटले आणि तबक फडक्यात गुंडाळले.

खात्री करून घेण्यासाठी दुसऱ्या दिवशी ते बापट कॅम्पला बाळासो कुंभारांकडे गेले. चॅपेलच्या मूर्तींचे रंगकाम पूर्वीपासून त्याच घरात होत आले होते. गणपतीचे दिवस सरल्यामुळे बाळासो निवांत होते. तबक हातात घेऊन त्यांनी ते उन्हात फिरवले.

"व्हय, ही माझ्या बानंच रंगवलेली. मी लहान हुतो, पर ध्यानात हाय. कोण तरी गोव्याला निघालेलं, त्येंनी जाताना तुमच्या लोकास्नी दिलती मूर्ती. रंग पार गेलता. तबकात दोन गोळं, आन् काय ते कुणालाच सांगता यीना."

"मग?"

"मग काय! आमच्यात मूर्तीला शेवटाला डोळं आखत्यात. त्येच्याबिगार ती जिती हुत न्हाय. आन् देवीला लोक हुपरीचं चांदीचं डोळं वाहत्यातच की तबकातनं. बा म्हणाला, तबकात दोन गोल म्हंजे डोळंच असणार. दिलं आखून. न्यायला आलेली माणसं कसली खूश झाली! म्हणाय लागली, आरं ही तर लुसी." बाळासोंनी अंगठा उंचवट्यावर फिरवला आणि त्यांचा हात थांबला. "मिस्त्री, पर ह्ये तर..."

"तेच हाय."

"आयला." बाळासोंनी तबक चटकन खाली ठेवले आणि हात पायजम्याला पुसले. "बाईमाणसाचं... आन् माझ्या बानं त्येला बुबळं काढली. आता काय करायचं, मिस्त्री? परत आखून देऊ?"

"सांगतो," मिस्त्री म्हणाले आणि तबक पिशवीत घालून निघाले.

फादर विल्सन वसईकडचे, वयाने तरुण आणि मनाने शांत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि ते किंचित हसले. "एक गोष्ट तुम्हाला आवडेल, मिस्त्री. लुसीची आई आजारी होती, रक्तस्राव थांबत नव्हता. लुसी तिला घेऊन अगाथाच्याच कबरीपाशी गेली होती. म्हणजे लुसीनं स्वतः अगाथाकडे मागितलं."

"मग अगाथा काय म्हणाली?"

फादर जरा घुटमळले. "स्वप्नात आली. म्हणाली, बहिणी, जे तू स्वतः देऊ शकतेस ते माझ्याकडे का मागतेस?"

"म्हणजे काम परत लुसीकडंच ढकललं."

"तसं नाही हो. प्रार्थना शेवटी देवाकडेच जाते. मूर्ती नुसतं लाकूड आहे."

"हे तुम्ही कार्मेलिनला सांगा, फादर."

"ते मी दर रविवारी सांगतो," फादर म्हणाले. "सण होऊ दे. डोळे परत रंगवून घ्या. मग बघू."

परंतु मिस्त्रींच्या मनाने आता वेगळी मांडणी सुरू केली होती. नमुनाच चुकला असेल तर त्यावरून कितीही वेळा ओतले तरी माल चुकीचाच निघणार. अशा वेळी शहाणा माणूस भट्टी थांबवतो. कार्मेलिनला कळले, की इतकी वर्षे मागणे चुकीच्या दारी जात होते, तर तिलाही हे थांबवावेच लागेल. तिला दुःख होईल, मोठे होईल. पण जानेवारीत मोना पुण्याला जाईल. या हिशोबात त्यांना कुठेही चूक सापडली नाही.

मोनाला त्यांनी आधी सांगितले. ती त्यांच्या खोलीत स्टुलावर बसून ऐकत होती. त्यांनी तबक तिच्या मांडीवर ठेवले. तिने डोळे जवळ नेले, मग ते मिटले आणि बोटांनीच तपासले.

"पप्पा, हे..."

"व्हय."

"आणि लोक यालाच डोळे लावून..." ती हसू लागली. तिला हसू आवरेना. मिस्त्रींनाही हसू आले. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कोणी असे हसले होते. "धोंडुबाईंना सांगू नका हां. त्यांचा मोतीबिंदू परत येईल."

"मम्मीला सांगू का?"

मोनाचे हसणे ओसरले. "सांगा," ती म्हणाली. "मला जायचंय, पप्पा. अजून तुमचं तोंड दिसतंय तोवर जायचंय."

रविवारी मिस्सानंतर कार्मेलिनबाई स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होत्या. मिस्त्रींनी तबक त्यांच्यापुढे ठेवले, शेजारी पुस्तक उघडले आणि क्रमाने सगळे सांगितले: आधी रंगाचे थर, मग कोरीव काम, मुठीतले दांडे, बाळासोंची आठवण, आणि शेवटी अगाथाचे चरित्र. बाईंचा हात पहिल्याच वाक्याला थांबला होता. सांगणे संपल्यावर त्यांनी पदराचे टोक ओढले आणि तबक झाकले.

"बाईचं असं उघडं ठेवत्यात व्हय?"

खवलेल्या खोबऱ्यावर मुंगी चढली, ती त्यांनी काढली नाही. मिस्त्री वाट पाहत राहिले. आता ती रडेल, मग बोलेल, मग आपण मोनाचे काढू, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

"म्हणजे ही अगाथा," बाई म्हणाल्या.

"व्हय."

"पहिल्यापासनं?"

"पहिल्यापासनं."

"आन् लुसी?"

"लुसी आपल्या चॅपेलात नव्हतीच कधी, कार्मू."

बाईंनी मान वर केली. मिस्त्रींनी तो चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हते.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "लुसीला अजून कुणी सांगितलंच न्हाय."

"तसं न्हवं. अगं..."

"मला वाटत हुतं, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. किती वर्सं मनात राग धरून हुतो मी! एकदा तर तिला वाईट बोललो, पापाच्या कबुलीत फादरला पण सांगितलं न्हाय. आन् तिचा काय दोष? तिला कळलेलंच न्हाय!" बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्या हसतही होत्या. "ही अगाथा तरी काय करणार? तिचं खातं न्हाय ते. मोना! मोना, ऐकलंस व्हय?"

मोना दाराची चौकट धरून उभी होती. ती केव्हा आली, हे दोघांनाही कळले नव्हते.

"ऐकलं, मम्मी."

"आता कुठं सुरुवात व्हायचीया आपली."

"मम्मी, जानेवारीत मी..."

"कसला जानेवारी? आज सांगायचं आन् उद्या काठी घेऊन जायचं? लुसी म्हणंल, मला वेळ तरी दिलासा का?"

"तिनं वेळ घेईपर्यंत मला काहीच दिसायचं राहणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरचं खातं वेगळं," कार्मेलिनबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसून पुन्हा नारळ खवू लागल्या. त्या दिवशी जेवण उत्तम झाले होते. वाढताना बाई जुने गाणे गुणगुणत होत्या.

फादर विल्सन घरी येऊन गेले. संतांपैकी कुणालाही सांगितले तरी देव ऐकतोच, हे त्यांनी तीन-चार परींनी समजावले. बाईंनी त्यांना चहा दिला, सगळे मान हलवत ऐकले आणि शेवटी विचारले, "मग फादर, तुमच्यात पण बिशपचं काम बिशपकडंच जातंय न्हवं?" फादरांनी कप खाली ठेवला.

गोष्ट सगळीकडे झाली, पण चॅपेलच्या बैठकीत बाकीच्यांचे मत उलट पडले. आजवर जिला लुसी म्हटले ती लुसीच. धोंडुबाई तर दारातून ओरडल्याच, "माझा डोळा हिनंच बरा केलाय. तुमी नाव बदला न्हाय तर गाव बदला." बाळासोंनी पुन्हा बुबुळे आखून दिली, मिस्त्रींनी तबक हाताला बसवले, आणि तेरा डिसेंबरला मेणबत्त्या, गाणी आणि मिरवणूक यांसह सण नेहमीसारखा पार पडला. कार्मेलिनबाई सर्वांत मागे उभ्या राहिल्या. त्यांनी गुडघे टेकले नाहीत. शेजारच्या बाईने खूण केली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ही न्हवं."

घरी येताच त्यांनी नवऱ्यापुढे आपले म्हणणे मांडले. खरी लुसी मिस्त्रींनी स्वतः कोरायची. मूर्ती चॅपेलात बसली, की त्या दिवसापासून पुरे एक वर्ष लुसीला द्यायचे. "त्याच्यानंतर मी काठीला आडवी यायची न्हाय. शपथ घेतो. पर एक वरीस तिला मिळालंच पायजे. अगाथाला आपण किती वर्सं दिली, माहीत न्हवतं तरी."

"लाकूड वाळलेलं न्हाय," मिस्त्री म्हणाले. "ओल्या लाकडात कोरलं तर चिरा पडत्यात."

"मग वाळवा."

नाताळ झाल्यावर मोनाने पुण्याच्या केंद्राला फोन केला आणि आपली जागा सोडली. पलीकडच्या माणसाने कारण विचारले, तेव्हा तिने घरगुती अडचण असे सांगितले. पुढच्या तुकडीला नाव ठेवू का, या प्रश्नावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, की नंतर कळवते.

"तू का सोडलीस?" मिस्त्रींनी विचारले. "मी तुला गाडीत बसवून दिलं असतं. तिला काय म्हणायचंय ते म्हणू दे."

"आणि ती परत चॅपेलात जाऊन सगळ्यांसमोर माझ्यासाठी माफी मागेल, या वेळी तर लुसीची मूर्तीही नसताना," मोना म्हणाली. "तिला वाटेल, मीच लुसीला संधी दिली नाही. जन्मभर तेच वाटेल. तुम्ही एकदा तिचा विश्वास मोडून बघितलात ना, पप्पा? दुप्पट झाला."

मोनाच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मिस्त्रींना अधिक जड गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा एकदा हिशोब मांडून पाहिला. डॉक्टरांनी वर्ष, फार तर दीड वर्ष सांगितले होते, आणि त्यातले काही महिने सरले होते. मूर्ती बसेपर्यंत बाईंचे वर्ष सुरू होणार नव्हते. सुरू झाले, की ते संपायला वर्षच लागणार होते. लाकूड वाळायची वाट पाहिली तर पावसाळा येईल. म्हणजे मूर्ती जितकी उशिरा, तितकी मोनाची उरलेली नजर इकडेच खर्च होणार. मूर्ती लवकर झाली, वर्ष लवकर सुरू झाले, आणि लुसीनेही काही केले नाही हे लवकर सिद्ध झाले, तर कदाचित, काही आठवड्यांपुरते, मोनाला काठी पाहून शिकता येईल. तेवढेच त्यांच्या हातात होते. संताने लवकर हरावे म्हणून त्यांना तिची मूर्ती लवकर घडवायची होती.

त्यांनी ओलसरच सागाचा ठोकळा आणला. रोज सकाळी न्याहारी होताच ते खोलीत जात आणि जेवणापुरतेच बाहेर येत. उशीर परवडणारा नव्हता. चिरा पडल्या तर लांबी भरू, वर रंग देऊ. एक वर्ष टिकली तरी पुरे. असे काम त्यांनी आयुष्यात केले नव्हते आणि फौंड्रीत दुसऱ्या कोणी केले असते तर ते परत पाठवले असते.

जानेवारीच्या मध्यावर मूर्तीची उभी आखणी झाली. ठोकळा अवजड होता. तो बाकावर फिरवायला मोना मदतीला आली. एकेकाळी तिने काढलेल्या ड्रॉइंगवरून मिस्त्रींनी नमुने केले होते. आता त्यांनी पेन्सिलीने काढलेली रेघ तिला दिसत नव्हती.

"डावीकडे धरू की उजवीकडे?"

"डावीकडं. थोडं वर. तिथंच."

तिने दोन्ही तळवे लाकडावर दाबून धरले. मिस्त्रींनी पटाशी लावली. ओले लाकूड हत्याराला चिकटत होते. छिलका मोकळा निघत नव्हता.

कार्मेलिनबाई चहा घेऊन आल्या. त्या दारात थांबून बाप-लेकीकडे पाहत राहिल्या. ठोकळ्यात अजून चेहरा नव्हता, नुसता खांद्यांचा अंदाज येत होता. त्यांनी तेवढ्याकडे पाहूनच छातीवर क्रुसाची खूण केली.

"एवढ्या घाईनं करताय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला वाटत हुतं, तुमचा काय विश्वास न्हाय. आता बसला म्हणायचा."

मोनाने मान वळवली, पण वडिलांचा चेहरा तिच्या नजरेच्या टप्प्यात आला नाही. ती अंदाजाने त्यांच्या दिशेला पाहत राहिली.

"बसला," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी पटाशीवर पुन्हा हातोडा मारला.